नाव न घेण्याचा खेळ

लांजेवार सर गेल्या थंडीत गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये आधी कोणाला तरी हसू आलं आणि मग सगळ्यांनाच रडू. हसू यासाठी, की हा माणूस जन्मभर प्रत्येक गोष्टीला घाबरला. पाल, उघडी विहीर, विजेची लोंबती तार, भरारी पथक, पहाटे वाजणारा फोन, परक्या गावातलं पाणी, सगळ्याला. आणि जिला सारी दुनिया घाबरते ती दाराशी आली, तेव्हा गडी खुशाल घोरत होता.

मी आंधळगावच्या शाळेत मराठी शिकवते, ते गणित शिकवायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'भित्रे गुरुजी' म्हणत. पाठीमागे म्हणायची खरं तर काही गरज नव्हती, कारण सर स्वतःच तोंडावर सांगायचे, "मी भेतो मनून जितो, मॅडम. जे भेत नव्हते त्याईचे फोटो भिंतीवर लागले."

कोणत्याही खोलीत शिरण्याआधी ते उंबऱ्याबाहेर थांबायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "येऊन राहिलो, बाप्पा." आत कोणी असो वा नसो. खडूचं कपाट उघडण्याआधी दोनदा टकटक करायचे. सायकलवरून येताना प्रत्येक वळणावर घंटी वाजवायचे, आणि आमच्याकडची वळणं म्हणजे काय, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, पलीकडून येणारी म्हैससुद्धा मैलभरावरून दिसते. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, इथं ऐकायला आहे कोण?"

"कोनी नाई मनूनच वाजवतो. कोनी दिसला असता तं कायले वाजवलो असतो?"



एका वर्षी शाळेची सहल रानातल्या एका देवस्थानाला गेली. बसथांब्यापासून पायवाट होती. लांजेवार सरांनी पोरांना दोन-दोनच्या रांगेत लावलं आणि हुकूम सोडला, सतराचा पाढा, मोठ्यानं, थांबायचं नाही. झाला की अठराचा. रानभर पाढे घुमायला लागले. आमचे हेडमास्तर तापट. ते म्हणाले, "लांजेवार, ही सहल आहे का शिक्षा?"

"सध्या शिक्षाच हाये, साहेब. पोट्टे घरी पोचले का मंग सहल."

पोरांचे घसे बसले. त्या तुकडीतली मुलं आता नोकऱ्यांना लागली आहेत, पण अर्ध्या झोपेतून उठवलं तरी सतराचा पाढा चुकत नाहीत.

सरांचं मूळ गाव नाकाडोंगरीकडचं, रानाला अगदी खेटून. तिथून ते शिकायला म्हणून निघाले आणि परत राहायला गेलेच नाहीत. भावाकडचं लग्न असलं तरी अक्षता पडल्या की जेवायला न थांबता दिवसाउजेडी परत. "मेलो तरी आंधळगावातच मरीन, तिकडं नाई," असं ते उघड म्हणायचे. त्यांच्या अंगावर काही प्रसंग गुदरला असेल, असा आमचा सगळ्यांचा तर्क होता. कोणी म्हणायचं रानातल्या जनावरानं आईला धरलं, कोणी म्हणायचं काकाला. मी विचारलं तर म्हणाले, "काई झालं नाई वो. आमच्या गावात भेव घरातलाच असते. ढोरं असतेत तसा."

त्या गावाची एक रीत मात्र त्यांनी इकडे येतानाही सोडली नव्हती. घरात दिवा लागला की वाघाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर त्याला हाक मारल्यासारखं होतं म्हणे. संध्याकाळी बोलायचीच वेळ आली तर नुसतं 'मोठा' म्हणायचं. मोठा आला होता, मोठ्यानं गाय नेली. मी हे दिवसा लिहिते आहे, तरी हात जरा अडखळला.

आता खेळाबद्दल सांगायला हवं, कारण आमचे सर खऱ्या अर्थानं मला कळले ते त्या खेळात.

नागपूरला एका फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना मला एक फाटका खोका मिळाला. आत निम्मी पानं गेलेलं एक इंग्रजी पुस्तक आणि कधी न पाहिलेले फासे, कोणी आठ पैलूंचा, कोणी वीस पैलूंचा. खेळ असा, की तिघाचौघांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कोणी तलवारवाला, कोणी वैदू, कोणी मंत्र येणारी. रानात शिरलात, समोर राक्षस आला, आता काय करता? जे करायचं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशावर. न पट, न सोंगट्या, सगळं तोंडानं. मला हे फार आवडलं. प्रमोदभाऊंचं मेडिकलचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत रविवारी संध्याकाळी आम्ही बसू लागलो. मी, प्रमोदभाऊ, आणि सरकारी दवाखान्यातली नर्स वैशाली. वैशाली आमच्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत धीट.

एका रविवारी लांजेवार सर बीपीच्या गोळ्या घ्यायला आले. मागून आवाज ऐकून खाकरले, "येऊन राहिलो" म्हणाले आणि दारात उभे राहिले. प्रमोदभाऊ रंगात येऊन सांगत होते, "आणि झाडीतून डरकाळी फोडत राक्षस बाहेर येतो!"

सर म्हणाले, "असा येत नाई, भाऊ."

"मंग कसा येते?"

सर आत आले, भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची ओढली आणि बसले. त्यानंतर कित्येक वर्षं गोष्ट त्यांनीच सांगितली.

"पहिले पाखरं चूप होतेत," ते हलक्या आवाजात सुरू करायचे. "मंग वानेरं खाकरतेत. मंग तेही चूप. मंग तुमाले तुमचाच श्वास आयकू येते." एवढं बोलून ते थांबायचे. आम्ही तिघं शहाणीसुरती माणसं, तोंडातला चिवडासुद्धा चावायचं बंद करायचो. कोणी घाईनं फासा उचलला तर त्यावर हात ठेवायचे. "आधी आयका. का आयकू येऊन राहिलं ते सांगा. मंग फासा."

त्यांच्या गोष्टीत राक्षस नव्हता, 'मोठा' होता. तो कधी दिसला नाही. कधी चिखलात खूण, कधी गवताचा एक पट्टा उगाच हललेला. त्याला मारायचा प्रश्नच यायचा नाही. रानातून औषध आणायचं, हरवलेलं माणूस आणायचं, आणि घरी यायचं. घरी आलात की जिंकलात. एकदा प्रमोदभाऊंना वीरश्री चढली. म्हणाले, "मी तलवार काढतो!"

"काढा," सर म्हणाले, आणि चहा प्यायला लागले.

"मंग?" प्रमोदभाऊंनी विचारलं.

"मंग काई नाई. तुमी तलवार काढली. आता तुमचा एक हात कमी झाला."

प्रमोदभाऊंनी तलवार परत म्यानात घातली. खेळ संपल्यावर प्रमोदभाऊ दुकानाचं शटर ओढताना आम्ही बाकीचे तिघं टॉर्च लावून त्यांच्याभोवती उभे राहायचो. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर, तरी मी वैशालीला म्हणायचे, चल ना दारापर्यंत. भीती वाटायची आणि तीच तर हवी असायची. फुकटची भीती कोणाला नको असते?

मग वैशालीची बदली झाली. नाकाडोंगरीच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात. म्हणजे सरांच्याच गावाजवळ. हप्ताभर ती तिकडे खोली घेऊन राहायची, स्कुटीवर लसीचा डबा घेऊन रानातल्या वस्त्यांवर जायची आणि रविवारी आईकडे आंधळगावला यायची. सर तिला दर वेळी विचारायचे, कोणत्या रस्त्यानं गेलीस, किती वाजता, कोण होतं. ती हसून उडवायची. पुढेपुढे हसेनाशी झाली, पण आमचं लक्ष नव्हतं.

आमचं लक्ष नव्या खेळावर होतं. प्रमोदभाऊंनी मोबाइलवर शोधून काढला होता, तसलाच पण कोरा करकरीत. जाडजूड पुस्तकं, चकचकीत फासे, नकाशे, आणि एक अख्खा ग्रंथ नुसत्या राक्षसांचा. प्रत्येकाचं रंगीत चित्र, नाव, आणि त्याच्यात जीव किती त्याचा आकडा. फाशावर दान पडेल तसा आकडा कमी करायचा, शून्य झाला की मेला. आमच्या जुन्या फाशांचे आकडे घासून गेले होते आणि पुस्तकाला वाळवीनं गाठलं होतं, तेव्हा घ्यायला हरकत काय होती? मी हो म्हटलं. वैशाली तर आमच्याआधी हो म्हणाली.

"नाई," लांजेवार सर म्हणाले.

"काहून, सर?"

"नाई मनजे नाई. कायले पायजे?"

कारण त्यांना नीट सांगता येईना. वर्गात एकेक पायरी सोडवून दाखवणारा माणूस, पण इथे नुसता मान हलवत बसला. मग प्रमोदभाऊंनी तोडगा काढला. त्या खेळाची नमुन्याची पानं फुकट मिळत होती, ती छापून आणली. एक डाव खेळून बघू, मग ठरवू. त्या दिवशी गोष्ट प्रमोदभाऊ सांगणार आणि लांजेवार सर आयुष्यात पहिल्यांदा तलवारवाले होणार.

ट्यूबलाइट लागलेली होती. प्रमोदभाऊंनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "शिंगवाला वाघ!"

सर ताडकन उठले. चेहरा पांढराफटक. दाराकडे बघत राहिले, जणू आता कोणी खाकरून आत येणार आहे. आम्हीही दाराकडे बघितलं. मला माझ्या शिक्षणाची शपथ, मी माझी खुर्ची दारापासून जरा लांब ओढली. कोणी आलं नाही. प्रमोदभाऊ ओशाळून म्हणाले, "चुकलं, सर. मोठा. शिंगवाला मोठा." मग डाव पुढे सरकला.

आणि सरकला म्हणजे काय, धावला. माझा मंत्र लागू पडला, वैशालीचा बाण लागला, पटापट आकडे खाली आले. सर आपले तलवार धरून बसलेले.

"सर, तुमची बारी. मारा! त्याच्यात आता नऊच उरले!"

सरांनी विचारलं, "त्याले मालूम हाये का?"

आम्ही पोट धरून हसलो. प्रमोदभाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. वैशाली तेवढी हसली नाही. तिनं सरांच्या पुढचा फासा ओढून घेतला, टाकला आणि म्हणाली, "मेला."

सरांनी छापलेली पानं गोळा करून नीट एकावर एक ठेवली. "या खेळात मानूस मारते," ते म्हणाले. "आपल्या खेळात मानूस घरी येते. रविवारी इथं मारलं तं सोमवारी रस्त्यानं का होईल? वाटंल का आकडा संपला का तो बी संपते. मी हा खेळ घेऊ देनार नाई."

'देणार नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. मला रागच आला. आणि मी काही बोलणार, तोच वैशालीचा बांध फुटला.

"तुमचं भेव मले पुरलं, सर! मंगळवारी गाडी बंद पडली माही, खदानीच्या मलब्यापाशी. पाखरं चूप. वानेरं चूप. तुमी शिकवलेलं सारं आयकू आलं मले, एकेक. लसीचा डब्बा मांडीवर घेऊन बसली मी. मले उतरता येईना, ओरडता येईना. मंग गाडी सुरू झाली तं मी वापस वळली. तिकडं बाया लेकरं घेऊन बसून राहिल्या अन् मी वापस वळली!" ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "आता सकाळी चाबी हातात घेतली का उलटी होते. राजीनामा टाकून देऊ असं वाटते. हप्ताभर मी भेऊन राहिली, सर. रविवारी तरी मले त्याले मारू द्या."

पुढे दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. प्रमोदभाऊ उठले नाहीत.

लांजेवार सर टेबलाकडे बघत होते. आपण इतके रविवार या पोरीच्या हातात काय देत होतो, हे त्यांना तेव्हा दिसलं असावं. मग त्यांनी विचारलं, "त्या रस्त्यानं कोन असते तुह्यासंगं?"

"कोन असनार? मी अन् लसीचा डब्बा."

"घ्या मंग," ते म्हणाले. "घ्या तो खेळ." आणि गोळ्यांची पिशवी टेबलावर विसरून निघून गेले.

खोका आला त्या रविवारी सर येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. भिंतीशी बसले. प्रमोदभाऊंनी फार लांबण न लावता वैशालीला रानात नेलं आणि शिंगवाल्याच्या चित्राचं पान तिच्यापुढे उघडं ठेवलं. ती फासा हातात घेऊन बसली. टाकेचना.

"टाक ना," मी म्हटलं.

"मले त्याचं नाव घेऊन मारायचं हाये," ती म्हणाली. "मोठा-बिठा नाई. तो जो हाये तो." आणि तिनं सरांकडे बघितलं. बाहेर अंधारत चाललं होतं, डोक्यावर ट्यूब जळत होती.

मी मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस उठून जाणार. सर उठले खरे. भिंतीशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. खोलीत मागच्या दारातून येणारा संध्याकाळचा मळका उजेड तेवढा राहिला.

"दिवा लागलाच नाई आज," सर म्हणाले. "घे नाव."

"वाघ," वैशाली म्हणाली. आधी हळू. मग पुन्हा, दात आवळून, "वाघ हाये तो. वाघ!" आणि फासा टाकला. प्रमोदभाऊंनी तो दाराशी नेऊन उजेडात वाचला. आम्ही दिवा लावला नाही, एकेक दान असंच दाराशी नेऊन वाचत राहिलो, तो मरेपर्यंत. मेला तेव्हा ती हसली, आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. सर तिच्या शेजारी उभे होते. डोक्यावर हात ठेवावा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. उन्हाळ्यात ते निवृत्त झाले, निरोपसमारंभाचा नारळ घेतला, भाड्याची खोली सोडली आणि गावी निघून गेले. ज्या गावी मरायलासुद्धा जाणार नाही म्हणायचे, त्या गावी! मला फार लागलं ते. एका खेळावरून म्हातारा रुसला, असं मी प्रमोदभाऊंना म्हणाले, आणि चारचौघांतही मी ते दहा वेळा बोलले. वैशालीचंही येणं कमी झालं. नोकरी तिनं सोडली नव्हती. फोनवर सरांचं नाव काढलं की "बरे हायेत" म्हणून विषय बदलायची. तिला अपराध्यासारखं वाटत असणार, असं मी ठरवून टाकलं.

सर नसताना नवा खेळ काही रंगेना. शेवटी पावसाळा सरल्यावर मी त्यांना आणायला निघाले. रविवारपुरते तरी या, म्हणून हात जोडायचे असं ठरवून. नाकाडोंगरीपर्यंत बस मिळाली, पुढे ऑटो. ऑटोवाल्यानं मला फाट्यावर उतरवलं, म्हणाला, "इथून जवळच हाये, मॅडम," आणि घाईनं गाडी वळवून गेला.

उन्हं चांगली वर होती. रस्ता डांबरी होता. दोन्ही बाजूंना झाडी अगदी रस्त्यावर आलेली, गवत कमरेच्या वर. थोडं चालले आणि माझ्या लक्षात आलं, की एकही पाखरू बोलत नाही. मी थांबले. मग वाटलं, थांबायला नको होतं. मागे बघावं तर पुढून काही येईल, पुढे बघावं तर मान आपोआप मागे वळत होती. मी पन्नाशीची बाई, त्या भर उजेडात मला आई आठवली.

तेवढ्यात समोरून स्कुटीचा आवाज आला. वैशाली होती. पायांपाशी लसीचा डबा. माझ्या जवळ येताना तिनं वेग कमी केला नाही, नुसती मान हलवली, आणि स्कुटी पुढे गेली तेव्हा मला मागे बसलेला माणूस दिसला. लांजेवार सर उलटे बसले होते. तिच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागच्या रस्त्याकडे. पडू नये म्हणून दोघांच्या कमरेभोवती मिळून एक दुपट्टा करकचून बांधलेला. पाय लोंबकळत होते, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरलेली, चेहरा भीतीनं राखेसारखा झालेला, आणि डोळे टक्क उघडे.

त्यांनी मला ओळखलं. हसले नाहीत, हात वर केला नाही. फक्त ओरडले, "मॅडम, मधातून चाला!"

मी रस्त्याच्या मधे झाले. स्कुटी लांब जात राहिली. वळण येईपर्यंत सरांचं तोंड माझ्याकडेच होतं, पण बघत ते माझ्या पाठीमागे होते.